आईला अल्झायमर आहे, तिच्यावर माहितीपट करू का?

पत्र: "आई ७४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिला अल्झायमरचं निदान झालं. मी नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि तिच्याजवळ राहते. गेले काही महिने फोनवर तिचं बरंच चित्रीकरण केलंय. त्यातून एक माहितीपट करावा असं मनात आहे. आईला विचारलं तर एखाद्या दिवशी 'काढ की' म्हणते, एखाद्या दिवशी फोन दिसला की तोंड फिरवते. दादाचं म्हणणं, 'तिच्या आजाराचा तमाशा मांडू नकोस.' मला वाटतं, तिला त्रास झाला तरी दहा मिनिटांत ती विसरते, मग बिघडलं कुठे? करायचंच ठरवलं तर नीट कसं करू? आणि त्याआधी कोणत्या डॉक्युमेंटरी बघू?"

माहितीपट जरूर करा. फक्त "दहा मिनिटांत ती विसरते" हे वाक्य डोक्यातून काढून टाका, कारण ते अर्धंच खरं आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नुकतंच घडलेलं साठवून ठेवणं जमत नाही. प्रसंग पुसला जातो. त्या प्रसंगाने मनात उठलेली भावना मात्र तेवढ्या लवकर जात नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमर असलेल्या काही जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना चित्रफितींमधलं फारसं काही सांगता येईना, तरी दुःख आणि आनंद दोन्ही मनात टिकून होते. ज्यांना कमी आठवत होतं त्यांच्यात दुःख उलट जास्त वेळ रेंगाळलं. म्हणजे सकाळी कॅमेऱ्यावरून खटका उडाला आणि दुपारी आई जेवायला बसेना, तर या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो. आईला तो सांगता येणार नाही. तुम्हालाच तो ओळखावा लागेल. दादा रागावून बोलला असेल, पण त्याच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यावर उत्तर आहे ते चित्रीकरणाच्या पद्धतीत.

परवानगीचा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून तो आधी. संमती एकदा कागदावर घेतली की काम झालं, असं या आजारात होत नाही. निर्णय घेण्याची क्षमता प्रश्नाप्रमाणे बदलते आणि वेळेप्रमाणेही बदलते. "आत्ता तुझा व्हिडिओ काढू?" हे आईला सकाळी नीट कळेल. "हा व्हिडिओ पुढच्या वर्षी अनोळखी लोक बघतील, चालेल?" हे कदाचित कुठल्याच वेळी कळणार नाही. म्हणून दोन परवानग्या वेगळ्या धरा. चित्रीकरणाची परवानगी आईकडून, दर वेळी, त्या क्षणाची. दाखवण्याची परवानगी आईच्या वतीने, तिचा स्वभाव आणि तिची पूर्वीची मतं लक्षात घेऊन, तुम्ही आणि दादाने मिळून द्यायची.

पहिली परवानगी शब्दांतच मिळेल असं नाही. कॅमेरा हातात धरून समोर बसा, तो तिला दिसू द्या, हवं तर हाताळू द्या आणि विचारा. लपवून कधीच घेऊ नका. तिने तोंड फिरवलं, लेन्सवर हात धरला, पदराशी किंवा बटणांशी चाळा सुरू केला, उठून दुसऱ्या खोलीत गेली, "घरी जाऊया" म्हणू लागली, तर तो नकार समजा. मघाशी 'काढ की' म्हणाली होती याला नंतर काही अर्थ उरत नाही. उलट दिशेने मात्र तेवढी घाई नको. आत्ता नाही म्हणाली तर तासाभराने विचारायला हरकत नाही. पण त्याच दिवशी तिसऱ्यांदा विचारू नका. मनधरणी करून मिळवलेला होकार पडद्यावर दिसतो. आई अवघडून बसते आणि प्रेक्षकालाही अवघडल्यासारखं होतं.

दुसऱ्या परवानगीसाठी दादाबरोबर एकदा शांतपणे बसा. 'आईला आता काय वाटेल' यावर बोलू नका, त्यातून वादच होईल. दहा वर्षांपूर्वीची आई डोळ्यांसमोर आणा. फोटो काढताना ती पुढे यायची की मागे सरायची? आजारपण शेजाऱ्यांना सांगायची की झाकून ठेवायची? स्वतःच्या कुठल्या गोष्टीबद्दल ती फार जपायची? केस विंचरल्याशिवाय दार न उघडणाऱ्या बाईचं विस्कटलेल्या केसांतलं दृश्य माहितीपटात येऊ नये, प्रसंग कितीही बोलका असला तरी. आई आजही लहान निर्णय घेऊ शकत असेल, तर तिलाही या बैठकीत घ्या आणि तिचं म्हणणं रेकॉर्ड करून ठेवा. कायद्याची बाजू देशागणिक वेगळी असते. पैशांच्या व्यवहारासाठी दिलेलं मुखत्यारपत्र चित्रीकरण जाहीर करण्याचा अधिकार देतंच असं नाही. तेव्हा घराबाहेर दाखवण्याआधी एकदा वकिलाला विचारा. घरी येणाऱ्या परिचारिका, मदतनीस, डॉक्टर यांचीही लेखी संमती हवी. रुग्णालयात किंवा दिवसभराच्या सांभाळ केंद्रात चित्रीकरण करायचं असेल तर संस्थेची परवानगी पुरत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या आईचा चेहराही दिसता कामा नये.

आता काय बघायचं ते. डेबोरा हॉफमन यांची 'कम्प्लेंट्स ऑफ अ ड्यूटिफुल डॉटर' (१९९४) आधी बघा. पाऊण तासाच्या आतच संपते. त्या स्वतः संकलक आहेत. आईची प्रत्येक चूक दुरुस्त करण्याचा आटापिटा करणारी मुलगी हळूहळू तो सोडून देते, हा त्या फिल्मचा कणा आहे. आई जे म्हणते आहे त्याला हो म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं, हा प्रश्न ती विचारते, आणि घरात हशाही पिकतो. तो हशा आईला हसणारा नाही, हे नीट पाहून घ्या. नाओको नोबुतोमो यांची २०१८ ची जपानी डॉक्युमेंटरी मिळाली तर चुकवू नका. त्यात अल्झायमर झालेल्या आईला सांभाळतात ते नव्वदी ओलांडलेले वडील, आणि जन्मात कधी न केलेली घरकामं ते त्या वयात करू लागतात. कॅमेरा मुलीच्या हातात आहे. आजाराची गोष्ट सांगताना सांभाळणाऱ्याचं वाकलेलं शरीर किती सांगून जातं, ते तिथे कळतं. कर्स्टन जॉन्सन यांची 'डिक जॉन्सन इज डेड' (२०२०) वडिलांबद्दल आहे. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या वडिलांसोबत त्यांच्या मृत्यूचे काल्पनिक प्रसंग त्या रचतात. वडील त्यात आनंदाने सामील होतात. ती धाटणी उचलू नका, पण वडिलांना विषय न मानता भागीदार मानणं कसं असतं ते बघा. माइते अल्बेर्दी यांची 'द इटर्नल मेमरी' (२०२३) पती-पत्नीची आहे, तरी तुमच्या उपयोगाची. महामारीच्या काळात दिग्दर्शिकेला घरात जाता येईना तेव्हा पत्नीनेच कॅमेरा हाती घेतला. एकटीने सांभाळताना चित्रीकरण करणं कसं दिसतं, त्याचा तो नमुना आहे.

प्रत्येक फिल्म दोनदा बघा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि एकच गोष्ट टिपा: कॅमेरा कुठे बंद झाला. कुठल्या दारापाशी तो थांबला, कुठल्या रडण्यावरून तो बाजूला वळला. चांगल्या फिल्ममध्ये अशा जागा बऱ्याच सापडतात.

मग तुमची स्वतःची यादी करा. माझ्या मते काही गोष्टी सरळ वर्ज्य आहेत: आंघोळ, शौच, कपडे बदलणं, संतापाचा झटका, आणि 'मला ओळखलंस का' असं विचारून आईची उडवलेली तारांबळ. याचा अर्थ हे विषय टाळायचे असा नाही. आंघोळीला नकार ही देखभालीतली रोजची मोठी लढाई असते आणि ती दाखवली नाही तर माहितीपट खोटा पडेल. मग बंद दाराबाहेरून फक्त आवाज घ्या. रिकाम्या न्हाणीघरातलं स्टूल, भिंतीवरचा धरायचा दांडा, आधीच काढून ठेवलेला टॉवेल दाखवा. पाणी अंगावर एकदम ओतलं की ती घाबरते, म्हणून पायांपासून सुरुवात करता, हे तुमच्या आवाजात सांगा. रात्री ओल्या झालेल्या चादरींबद्दल सांगायचं तर सकाळी दोरीवर वाळत असलेल्या चादरी पुरतात. आईचा चेहरा न दाखवता तिचा दिवस दाखवण्याच्या अशा जागा घरभर आहेत: आठवड्याच्या गोळ्यांची डबी, कपाटाच्या दारांवर चिकटवलेली चित्रं, रात्री दाराला लावायची जास्तीची कडी, तुमच्या उशाशी असलेला गजर. लोकांना आजाराचं नाव ठाऊक असतं, देखभाल म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं हे ठाऊक नसतं. तुमच्या फिल्मचा खरा ऐवज तोच.

चित्रीकरणाची वेळ आईच्या दिवसावरून ठरवा. बऱ्याच रुग्णांची दुपार उलटली की बेचैनी वाढते, येरझाऱ्या सुरू होतात, भास होतात. तेव्हा कॅमेरा काढू नका. सकाळी नाश्ता, शौच, औषध आटोपल्यावर, चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असताना पंधरा ते वीस मिनिटं, एवढीच एक बैठक. तेवढ्यात मिळालं तेवढं मिळालं. एक गोष्ट मात्र फिल्मपेक्षा मोठी आहे. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आईचा गोंधळ एकदम वाढला, ती अचानक गुंगीत गेली किंवा भलतीच चिडू लागली, तर 'आजार पुढे सरकला' असं समजून कॅमेरा लावू नका. अल्झायमर असा उड्या मारत वाढत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन औषध, कुठेतरी लपलेली दुखापत, यांतलं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

साधनांबद्दल फार खल नको, तुमचा फोन पुरेसा आहे. तो आडवा धरा, लेन्स पुसा, एअरप्लेन मोडवर टाका. मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटतं आणि रिंगने आई दचकते. पूर्ण एचडी, सेकंदाला २५ फ्रेम्स घ्या, फोकस आणि उजेड लॉक करा. दिवे लुकलुकताना दिसले तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटरचा वेग १/५० सेकंदावर आणा. ६० हर्ट्झ असेल तर ३० फ्रेम्स आणि १/६०. चित्रीकरण करताना स्क्रीन आईकडे कधीही वळवू नका. पुढे पुढे स्वतःचा आताचा चेहरा ओळखू येत नाही आणि 'ही बाई कोण घरात शिरली' अशी भीती बसते. आरशांच्या बाबतीतही हेच होतं. रेकॉर्डिंग सुरू होतानाचा आवाज बंद करा. लाल दिवा असलाच तर त्यावर काळी पट्टी लावा. मात्र चित्रीकरण चालू आहे हे तोंडाने सांगा.

तीन पायांचं स्टँड या घरात धोक्याचं आहे. त्याचे पाय बाहेर पसरलेले असतात, आईची पावलं घसटत पडत असतील आणि खालच्या बाजूचं तिला कमी दिसत असेल, तर अडखळून पडायला एवढं कारण पुरतं. शेल्फला किंवा टेबलाच्या कडेला चिमट्याने फोन अडकवा. वायर जमिनीवरून न्यायचीच नाही. उजेड खिडकीचा, आईच्या बाजूने पडणारा. खिडकी तिच्या पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. जास्तीचा प्रखर दिवा लावला तर जमिनीवर गडद सावल्या आणि चकाकी येते. सावली तिला खड्ड्यासारखी वाटू शकते, चकाकी सांडलेल्या पाण्यासारखी, आणि मग ती पाऊल टाकायला तयार होत नाही. कॅमेऱ्याची उंची बसलेल्या आईच्या डोळ्यांएवढी, जमिनीपासून साधारण एक मीटर किंवा थोडी वर. उभं राहून वरून घेतलेल्या दृश्यात म्हातारं माणूस केविलवाणं दिसतं. कॅमेरा लावणारे ते मुद्दाम करत नाहीत, नुसतं खाली बसायचं राहून जातं. समोरून, तिला दिसेल असे जा. मागून किंवा कडेने अचानक आलेली व्यक्ती तिला उशिरा दिसते.

घरच्या माहितीपटांची चित्रापेक्षा आवाजातच जास्त वाताहत होते. आई हळू बोलते, वाक्य अर्धं सोडते, आणि फोन दोन मीटरवर असतो. मग पंखा आणि फ्रिज तेवढे स्पष्ट ऐकू येतात. तिच्या कपड्यांना छोटा माईक लावला तर ती तो ओढून काढेल किंवा त्याच्याशी चाळा करत बसेल आणि सगळ्या बोलण्यावर खरखर येईल. त्यापेक्षा माईक स्वतःच्या कॉलरला लावा. तुम्ही तिच्याजवळच बसता, दोघींचे आवाज येतात. दुसरा उपाय म्हणजे छोटा रेकॉर्डर टेबलावर रुमालाच्या घडीवर, तिच्यापासून अर्ध्या मीटरवर. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा, आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवली की चित्र-आवाज जुळवायला सोपं जातं, पण आई दचकत असेल तर बोटाने टेबलावर टिचकी मारा. टीव्ही आणि रेडिओ बंद. त्यांचा आवाज मागे असला की संकलनात कुठेच तुकडा कापता येत नाही, शिवाय दोन आवाज एकत्र आले की आईला तुमचं बोलणं वेगळं काढता येत नाही. शेवटी त्या खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामात लागते.

आता प्रश्नांबद्दल, कारण फिल्म इथेच सुधारते किंवा बिघडते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव असे प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. ती फाइल १९९५ मध्ये पुन्हा सापडली, त्यामुळे आज आपल्याला त्या संवादातली घालमेल वाचता येते. डॉक्टरांना ते प्रश्न आजार समजून घेण्यासाठी हवे होते. तुमच्या आईचा आजार तर चार वर्षांपूर्वीच ओळखला गेलाय. कॅमेऱ्यासमोर तीच परीक्षा पुन्हा घेण्याचं काही कारण नाही. 'आज वार कोणता', 'हा फोटोतला कोण', 'आठवतंय का' हे तिन्ही प्रश्न कायमचे बंद करा. उत्तर आलं नाही की तिला कळतं आपण नापास झालो, आणि तिथून राग, रडणं किंवा गप्प होणं सुरू होतं.

त्याऐवजी हाताला काम द्या. रुमालांच्या घड्या, झाडांना पाणी, लोकरीचे गुंडे, पूर्वी जे तिच्या हातात बसलं होतं ते. हातांची स्मृती बराच काळ साथ देते आणि काम चालू असताना बोलणं आपोआप येतं. प्रश्न विचारायचाच तर एका वेळी एक, लहान, आणि शक्यतो दोनांतून निवडता येईल असा. मग थांबा. मनात हळूहळू दहापर्यंत मोजा. बहुतेक जण तीन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात आणि आईला ते दोन प्रश्न वाटतात, पहिल्याचं जुळत आलेलं उत्तर हातून सुटतं. तिने आपल्या आईबद्दल विचारलं, जी कधीच गेली आहे, तर 'ती गेली' असं सांगू नका. ती बातमी तिच्यासाठी दर वेळी नवी असते. 'तिच्याबद्दल सांग ना, ती कशी होती?' असं म्हणा. देखभालीत जे योग्य तेच इथे चित्रीकरणातही योग्य ठरतं, कारण आई खुलून बोलते ती अशाच वेळी.

चित्रीकरण आणि सांभाळणं एकाच क्षणी एका माणसाला जमत नाही. चालताना आईचा हात धरायला तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. एकट्या असाल तर फोन अडकवून ठेवा आणि चौकटीत काय येतंय ते विसरून जा. दृश्य हुकलं तर हुकू द्या. दुसरं कुणी असेल तर कॅमेरा त्याच्याकडे, पण आधी कॅमेऱ्याशिवाय दोन-तीनदा येऊन त्याने आईशी ओळख करून घ्यायला हवी. चित्रीकरणाच्या दिवशी घरात एकच नवा माणूस.

स्वतःलाही चित्रीकरणात घ्या. रोज रात्री झोपण्याआधी तीन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा: आज काय जमलं, कशावर आवाज चढला, किती वाजता उठावं लागलं. संकलनाला बसाल तेव्हा हाच धागा हाती येईल. त्यातून दुसरीही एक गोष्ट कळेल. सलग काही रात्री त्याच थकव्याबद्दल, त्याच चिडचिडीबद्दल बोलत असाल, तर फिल्म बाजूला ठेवा आणि मदत मागा. आणि ज्या दिवशी 'आज काहीच घडलं नाही' म्हणून हळहळ वाटेल, वाईट प्रसंगाची वाट पाहत बसलात असं लक्षात येईल, त्या दिवसापासून निदान महिनाभर चित्रीकरण बंद.

फायलींची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साडेबावीस गिगाबाइट लागतात, तेव्हा फोन लगेच भरतो. त्याच दिवशी उतरवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि वेळ. शेजारी एका ओळीत आईची त्या दिवशीची अवस्था लिहा: झोप झाली होती का, बरं होतं का, औषध बदललं होतं का. एक तासाचं चित्रीकरण नीट पाहून नोंदवायला दोन-तीन तास जातात, हे धरून चाला. आठवड्याला तासाभराहून जास्त घेतलंत तर ते कधीच बघून होणार नाही.

संकलनात खोटेपणा नकळत शिरतो. तुम्ही प्रश्न विचारला, आईने आठ सेकंद घेतले आणि मग छान उत्तर दिलं. ते आठ सेकंद कापले तर आजार नाहीसा होतो. उत्तराआधीच दृश्य कापलं तर आईला काहीच कळत नाही असं दिसतं. आठही सेकंद ठेवा. प्रेक्षक थांबायला शिकतील, आणि पुढे कुणाच्या तरी घरी तो धडा कामी येईल. मार्चमधली हसरी आई आणि त्याच्या पुढच्या वर्षीची गप्प आई शेजारी ठेवली तर आजार एका रात्रीत कोसळल्यासारखा वाटतो. क्रम बदलायचाच असेल तर तारीख पडद्यावर द्या. २००७ साली ब्रिटनमध्ये अल्झायमरवरच्या एका माहितीपटाची जाहिरात अशी झाली की त्यात मृत्यूचा क्षण दिसतो, प्रत्यक्षात तो रुग्ण त्या दृश्यानंतर काही दिवसांनी गेला होता, आणि मग सगळी चर्चा त्या एका गोष्टीचीच झाली. वर्षानुवर्षांची मेहनत आणि विश्वास एका सैल वाक्याने असा वाया जातो. आईचं अडखळणारं बोलणं खाली मजकुरात देताना तिचे शब्द सुधारू नका, गाळू नका. करुण संगीत घालू नका. गाणं ऐकून आई उजळली तर ते जरूर दाखवा, पण गाण्याने आजार बरा होतो असा समज होईल अशी जुळणी नको. गाणं थांबल्यावर काय झालं तेही पाच-दहा सेकंद राहू द्या. औषधांची नावं, घराचा पत्ता, बँकेचे कागद चौकटीत आले असतील तर पुसट करा. पहिल्या फिल्मला वीस ते तीस मिनिटं भरपूर झाली.

तयार झाल्यावर कच्ची प्रत पहिल्यांदा दादाला दाखवा, एकट्याला, आणि तो बोलेपर्यंत काही समजावू नका. मग ज्यांचे चेहरे आहेत त्यांना. मग आजारासंबंधीची विधानं तपासण्यासाठी आईच्या डॉक्टरांना. आईला दाखवायचं की नाही हे आधीच ठरवून ठेवू नका. दोन-तीन मिनिटांचा शांत तुकडा दाखवून बघा, तिचा चेहरा आक्रसला तर तिथेच थांबा. इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करणं सगळ्यात शेवटी. एकदा बाहेर गेलेली फाइल परत घेता येत नाही, तिचे तुकडे कोण कसे वापरील यावर तुमचा ताबा राहत नाही. आधी पासवर्ड असलेली लिंक, किंवा देखभाल करणाऱ्यांच्या एखाद्या बैठकीत तुमच्या उपस्थितीत खेळ. लोक प्रश्न विचारतील, काहींना रडू येईल. तिथे उत्तर द्यायला तुम्ही असायला हव्यात.

दादाला विरोधक ठरवून बाहेर ठेवू नका. त्याला काम द्या: चित्रीकरणाच्या वेळी आईशेजारी बसण्याचं, किंवा आवाज सांभाळण्याचं. त्याची हरकत त्याच्या तोंडून रेकॉर्ड करा आणि तो तयार असेल तर फिल्ममध्ये ठेवा. ती शंका अनेक प्रेक्षकांच्या मनात येणारच आहे. या आठवड्यात दोघांनी बसून एका कागदावर चार गोष्टी लिहा: चित्रीकरण थांबवायला कोण सांगू शकतं, काय कधीच दाखवायचं नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत कॅमेरा खोलीत असेल की नाही, आणि आईनंतर हे सगळं चित्रीकरण कुणाच्या ताब्यात राहील. पहिल्या मुद्द्यापुढे दोघांचीही नावं लिहा, कारण न देता थांबवण्याच्या अधिकारासह. खाली सही आणि तारीख. एक प्रत दादाकडे, एक हार्ड डिस्कच्या डबीत, आणि दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा वाचून जे बदललं असेल ते बदला.